लक्झेंबर्गिश कानाने शिका: नव्याने आलेल्या मराठी माणसांसाठी

लक्झेंबर्गला येणाऱ्या मराठी माणसाला पहिल्या आठवड्यातच कोणीतरी सांगतं की अगं इथे फ्रेंचवर भागतं, ऑफिसात इंग्लिश चालतं, ती तिसरी भाषा कशाला शिकत बसायची, बोलणारे जेमतेम चार लाख. मलाही सांगितलं होतं आणि ते खोटं नाहीये, भागतं खरंच. मी तीन वर्षं भागवलं. मग खालच्या मजल्यावरच्या आजी रोज जिन्यात भेटायच्या, मी "बाँजूर" म्हणायचे, त्याही म्हणायच्या "बाँजूर" आणि दार लावून घ्यायच्या. एक दिवस कुठून सुचलं कुणास ठाऊक, मी "मोइअन" म्हटलं, तर बाई तिथेच पिशव्या खाली ठेवून दहा मिनिटं बोलत उभ्या राहिल्या, मला त्यातलं अक्षर कळलं नाही. त्या दिवशी ठरवलं की आता शिकायचं.

हा लेख त्यांच्यासाठी ज्यांना शून्यापासून सुरुवात करायचीय. मी भाषातज्ज्ञ नाही, सिंधुदुर्गातली आहे, पुण्याला नोकरी, मग नवऱ्याच्या नोकरीमुळे इथे. उच्चार देवनागरीत जवळपासचे देतेय, जिथे 'झ' लिहिलाय तिथे इंग्लिशमधला झेड समजा, झाडाचा झ नाही.

आधी हे समजून घ्या की इथे कुठे काय चालतं

देश छोटा, लोकसंख्या साडेसहा लाखांच्या वर, त्यातले जवळजवळ निम्मे परदेशी, पोर्तुगीज सगळ्यात जास्त. शिवाय रोज फ्रान्स, बेल्जियम, जर्मनीतून दोन लाखांहून जास्त माणसं बॉर्डर ओलांडून कामाला येतात आणि संध्याकाळी परत जातात. दुकानात, हॉटेलात काउंटरमागे बहुतेक हीच मंडळी, म्हणून तिथे फ्रेंच. कायदे फ्रेंचमध्ये लिहिलेले. जुन्या वर्तमानपत्रांची भाषा मुख्यतः जर्मन. पण संसदेत वादावादी लक्झेंबर्गिशमध्ये, घरात लक्झेंबर्गिश, व्हॉट्सॲपवर लक्झेंबर्गिश, शाळेच्या मैदानात लक्झेंबर्गिश. म्हणजे एकच माणूस सकाळी जर्मन पेपर वाचतो, फ्रेंचमध्ये अर्ज भरतो आणि बायकोशी तिसऱ्याच भाषेत भांडतो. नवख्याला वाटतं ही भाषा कुठे दिसतच नाही, कारण ती दिसायची नाहीच, ऐकायची आहे.

24 फेब्रुवारी 1984 च्या कायद्याने लक्झेंबर्गिश राष्ट्रभाषा झाली, आणि सरकारी कामाला फ्रेंच, जर्मन, लक्झेंबर्गिश तिन्ही चालतात असं ठरलं. 1 जुलै 2023 पासून लागू झालेल्या सुधारित राज्यघटनेतही ती देशाची भाषा म्हणून आली. युरोपियन युनियनच्या 24 अधिकृत भाषांमध्ये मात्र ती नाही, एवढ्याशा माल्टाची भाषा आहे पण ही नाही.

आता तो ठरलेला प्रश्न, ही वेगळी भाषा आहे की जर्मनची बोली. मुळात ही मोझेल नदीच्या खोऱ्यातली फ्रँकोनियन बोली, नदीपलीकडच्या जर्मन गावातला म्हातारा हिच्याशी बऱ्यापैकी जुळणारं बोलतो हे खरं. पण मराठी आणि कोकणीचा वाद ज्यांनी जवळून पाहिलाय त्यांना वेगळं सांगायला नको की असे प्रश्न व्याकरणाच्या पुस्तकात सुटत नाहीत. इथे तो 1941 मध्ये सुटला. देश नाझींच्या ताब्यात होता, 10 ऑक्टोबरला जनगणना ठरली, फॉर्मवर तीन प्रश्न होते, राष्ट्रीयत्व कोणतं, मातृभाषा कोणती, वंश कोणता, आणि वरून बजावलेलं की बोलीला मातृभाषा धरणार नाही, म्हणजे जर्मन लिहा. लोकांनी तिन्ही ठिकाणी लक्झेंबर्गिश लिहायचं ठरवलं. आधी चाचपणी केली तेव्हाच निकाल कळला आणि नाझींना ती जनगणना रद्द करावी लागली. "ड्रायमोल लत्सबुअयश", तीनदा लक्झेंबर्गिश, हे शब्द इथे अजून म्हणतात. त्यामुळे कोणाला गमतीत सुद्धा "म्हणजे जर्मनच ना" असं म्हणू नका, मी म्हटलंय एकदा, टेबलावरची शांतता अजून आठवते.

पहिली पायरी: कान आणि तोंड

पुस्तक उघडायच्या आधी दोन आठवडे फक्त ऐका. सरकारी संस्थेची एलएलओ डॉट एलयू नावाची फुकट साइट आहे, शिवाय एलओडी डॉट एलयू ही ऑनलाइन डिक्शनरी, तिच्यात शब्दावर क्लिक केलं की उच्चार ऐकू येतो आणि अर्थ इंग्लिशमध्येही मिळतो. संध्याकाळी साडेसातला आरटीएल चॅनलवर बातम्या लागतात, स्वयंपाक करताना चालू ठेवा, नाही कळलं तरी ठेवा. आणि बस, ट्राम, ट्रेन 29 फेब्रुवारी 2020 पासून सगळ्यांना फुकट आहे, फर्स्ट क्लास सोडला तर, तेव्हा इअरफोन काढून बसा आणि मागच्या सीटवरच्या आज्या काय बोलतात ते ऐका, याहून स्वस्त क्लास नाही.

उच्चाराच्या बाबतीत आपण नशीबवान आहोत. इथे रोमन ई वर दोन ठिपके देऊन एक अक्षर लिहितात, इंग्लिशवाल्यांना ते समजावताना मास्तरांचा घाम निघतो, आणि तो आहे नुसता आपला 'अ', स्पष्ट आणि जोर देऊन म्हटलेला. देशाचं नाव त्याच अक्षराने, "लत्सबुएश". मग रोमन झेड, त्याचा उच्चार 'त्स', म्हणजे आपल्या चमच्यातला च. माझ्या वर्गातल्या ब्राझीलच्या मुलीला तो सुरुवातीला येईना, मी "चमचा चमचा" म्हणून शिकवला. ए वर दोन ठिपके असले की बॅट-मॅटमधला ॲ. अवघड जातात ते जोडस्वर, एइ, ओउ, इए, उए, ते एका दमात म्हणायचे, तोडायचे नाहीत. शब्दाच्या शेवटचा ग किंवा ख कधी कधी श सारखा ऐकू येतो, "मी" म्हणजे "एश", जर्मन शिकून आलेले लोक "इख" म्हणतात आणि लगेच पकडले जातात.

फ्रेंच शब्द पण भरपूर घेतलेत, पण जोर पहिल्या अक्षरावर आणून. आभाराला "मेर्सी"च म्हणतात, फक्त मे वर जोर. सायकल म्हणजे "व्हलो", ट्रक म्हणजे "कामियाँ", फ्रीज म्हणजे "फ्रीगो". आपण टेबलाला टेबल म्हणून त्याचं टेबलावर, टेबलाखाली केलं तसंच.

दुसरी पायरी: दहा वाक्यं, आणि ती वापरायचीच

"मोइअन" दिवसभर चालतं, सकाळी, दुपारी, लिफ्टमध्ये, डॉक्टरकडे. निघताना "ॲडी". प्लीजला "व्हान एश गेलिफ्ट", मनापासून आभार मानायचे तर "फिलमोल्स मेर्सी". हो म्हणजे "यो", नाही म्हणजे "नेन".

कसे आहात विचारायचं तर "व्हेइ गेट एट इएश?" आणि मित्राला "व्हेइ गेट एट डिर?" इथे थांबा जरा. आदराने बोलताना लक्झेंबर्गिशमध्ये अनेकवचन वापरतात, "डिर", म्हणजे बरोब्बर आपलं तुम्ही (मित्राला विचारताना आलेलं "डिर" म्हणजे तुला, ते वेगळं, आणि "इएश" म्हणजे तुम्हाला). जर्मनमध्ये आदराला तृतीयपुरुषी "झी" असतो, ती भानगड इथे नाही. तू आणि तुम्ही ज्याच्या हाडात आहे त्याला वेगळं शिकावं लागत नाही, अनोळखी मोठ्या माणसाला डिर, पोराला डु, संपलं. अर्थात दोन भेटीत समोरचा स्वतःच "डु म्हण" म्हणतो.

आणि बेकरीत जा. माझा पहिला प्रयोग बेकरीतच झाला, रांगेत उभं राहून वाक्य पाठ करून गेले, "एश हॅट गेअर ए काफी", मला एक कॉफी हवी होती, आणि काउंटरवरच्या मुलीने फ्रेंचमध्ये विचारलं की दूध घालू का. हे तुमच्याबरोबर पण होणार, वाईट वाटून घेऊ नका, तिलाच लक्झेंबर्गिश येत नसेल, ती बॉर्डरपलीकडून आलीय. म्हणून सरावाला माणसं निवडून घ्या, शेजारी, मुलांच्या शाळेतल्या बाई, नगरपालिकेच्या खिडकीमागचा माणूस, बागेतले कुत्रेवाले. कुत्रेवाले सगळ्यात बेस्ट, त्यांना घाई नसते आणि विषय आयता असतो.

तिसरी पायरी: न कधी पडतो

ही या भाषेची खरी गंमत. नाव आहे "आयफेलर रेगेल", आयफेल नावाच्या डोंगराळ भागावरून, बोलताना नुसतं एन-रेगेल म्हणतात. शब्दाच्या शेवटी न असेल तर पुढचा शब्द कशाने सुरू होतो ते बघायचं, स्वर असेल किंवा न, ड, ट, त्स, ह यातलं काही असेल तर न राहतो, नाहीतर गळून पडतो. वाक्य संपलं, श्वास घेतला, तरी राहतो.

वरची कॉफी आठवते ना, "ए काफी". आता चहा मागा, "एन टेइ". कॉफीच्या क पुढे न पडला, चहाच्या ट पुढे राहिला. मी चहावाली असल्यामुळे हे मला लवकर पाठ झालं.

आपल्यासाठी तर देवाने उदाहरण करून ठेवलंय. बोलणे या क्रियापदाला "श्वॅत्सन" म्हणतात. मी मराठी बोलते, "एश श्वॅत्से मराठी", म आला, न गेला. मी हिंदी बोलते, "एश श्वॅत्सन हिंदी", ह आला, न राहिला. ही दोन वाक्यं घोकून ठेवा, अर्धा नियम तुमच्या खिशात. मग बाकीची स्वतःची ओळख पण त्यावरच बसवा, "एश कोमेन आउस इंडिएन" भारतातून आले, स्वर म्हणून न राहिला, "एश व्हुनेन त्सु एश" म्हणजे मी एश गावात राहते, त्स म्हणून राहिला (हो, मी पण एश आणि गाव पण एश, कानाला जवळजवळ सारखंच, पहिल्या दिवशी हसून हसून पुरे झालं), आणि "एश लेइरे लत्सबुअयश", मी लक्झेंबर्गिश शिकतेय, ल म्हणून पडला. सकाळी "गुडे मोइअन" आणि संध्याकाळी "गुडेन ओव्हेंट", तेही ह्याच कारणाने.

हे लिहिताना पण पाळायचं असतं आणि जोडशब्दात पण, वाइनला "व्हॅइन" म्हणतात पण मोझेलकाठच्या गावांत असतो तो वाइनचा उत्सव "व्हॅइफेस्ट", मधला न गळून. देशाचं ब्रीदवाक्य आहे "मिर व्हले ब्लायव्हे व्हाट मिर झिन", आम्ही जे आहोत तेच आम्हाला राहायचंय, त्यात व्हलेन आणि ब्लायव्हेन या दोन्ही शब्दांचे न गळलेत आणि शेवटच्या झिनचा टिकलाय. ते वाक्य भिंतीवर लावा, नियमाचा तक्ताच आहे तो.

वर्गात राहणाऱ्या अक्षरांसाठी एक मंत्र शिकवतात, "युनायटेड झोहा", ही दोन नावं रोमन लिपीत लिहिली की त्यात न राखणारी अक्षरं येतात, यू, एन, आय, टी, ई, डी, झेड, ओ, एच, ए. झोहा कोण बाई ते विचारू नका. पण मी सांगते, मंत्राने बोलता येत नाही, बोलताना कोण अक्षरं मोजणार. ही आपली संधी आहे हो, शाळेत सूत्र पाठ करून कोणाला संधी आली नाही, जगन्नाथ म्हणून म्हणून आली. म्हणून म्हणते कानाने शिका.

चौथी पायरी: लिंग, आणि ते "हाट" प्रकरण

लिंगं तीन, पुल्लिंग, स्त्रीलिंग, नपुंसकलिंग, आणि वस्तूचं लिंग का ते विचारायचं नाही, आपण कुठे सांगू शकतो की खुर्ची ती का आणि टेबल ते का. पुल्लिंगी शब्दाआधी "डेन" नाहीतर न पाडून "डे", बाकी सगळ्यांना नुसता "ड" चिकटतो. राजधानीला कोणी लक्झेंबर्ग सिटी म्हणत नाही, "ड-श्टाट" म्हणतात, म्हणजे शहर, आमच्याकडे बाजारात जातो म्हणतात तसं. माणसांच्या नावाआधी पण हे लावावं लागतं, "डे प्येर", "ड-मारी".

आणि आता धक्का. मुलीला किंवा बाईला पहिल्या नावाने हाक मारत असाल तर ती व्याकरणात नपुंसकलिंगी! मारी आली असं सांगताना मारीसाठी सर्वनाम "हाट", म्हणजे ते. पण तीच बाई आडनावाने "मादाम" झाली की "झी", म्हणजे ती. मैत्रीण हाट, बहीण हाट, ऑफिसातली बॉस मादाम म्हणून झी, आणि बॉसशी पहिल्या नावावर आलात की तीही हाट. वर्गातल्या इंग्लिश बोलणाऱ्या बायका भडकल्या होत्या, हे काय म्हणे वस्तू आहोत का आम्ही. मी गप्प होते कारण मला ते घरचंच वाटलं. आमच्या मालवणीत मुलगी म्हणजे चेडू आणि चेडू नपुंसकच, गोव्यात तर तरुण मुलीला सर्रास "तें" म्हणतात, त्यात हिणवणं नसतं, जवळीक असते. घाटावरच्या लोकांना "आमचं पोरगं" आठवेल. इथे नेमकं तेच, हाट म्हणजे आपल्यातलं माणूस. उलट नावाने ओळखणाऱ्या बाईला "झी" म्हटलं तर कानाला परकं वाटतं.

आकड्यात पण आपलं घोडं पुढे. दोनला जुन्या वळणाच्या बोलण्यात तीन रूपं आहेत, दोघे पुरुष "त्स्वेइ", दोघी बायका "त्स्वोउ", दोन मुलं "त्स्वे". दोघे, दोघी, दोन हे ज्याला येतं त्याला काय त्याचं. आणि पंचवीस म्हणताना आधी पाच मग वीस, "फनेफ-आन-त्स्वान्त्सिश", आपल्यासारखंच एकक आधी. फक्त एकोणतीस एकोणचाळीसचा आचरटपणा त्यांच्याकडे नाही.

पाचवी पायरी: क्रियापदं, थोडक्यात

भूतकाळ सोपा आहे. साधा भूतकाळ मोजक्या क्रियापदांनाच उरलाय, "व्हार" होतो, "हाट" होतं माझ्याकडे (हो परत हाट, कानाला जवळजवळ तेच, संदर्भाने कळतं), "कोउम" आलो, "झोट" म्हणालो, अशी काही. बाकी सगळं "हुन" (जवळ असणे) किंवा "झिन" (असणे) लावून, "एश हु गेश्लोफ" म्हणजे मी झोपले. भविष्यकाळ तर बहुतेक वर्तमानातच भागवतात, उद्या येतो म्हणायला उद्या आणि येतो, आपणही तेच करतो. जास्त मोठं, जास्त महाग म्हणायला शब्दाची मोडतोड नाही, आधी "मेइ" लावला की झालं.

डोकं धरायला लावतं ते "गिन". "एश गिन हेम" म्हणजे मी घरी जातेय. "एश गिन डिर ए काफी" म्हणजे तुला कॉफी देते. "एश गि क्रांक" म्हणजे आजारी पडतेय. जाणं, देणं, होणं तिन्ही एकाच रूपात, प्रथमपुरुषी एकवचनात. मी एकदा "कॉफी देते" ऐवजी न पाडायच्या नादात असं काही बोलले की समोरच्याला वाटलं मी कॉफी होतेय.

मालकी दाखवायची पद्धत पण बघा, प्येरची गाडी म्हणायला "डेम प्येर झॅइन आउटो", शब्दशः प्येरला त्याची गाडी. षष्ठी जवळपास मेलीय, चतुर्थी तिचं काम करते. आणि प्रेम करणे असं वेगळं क्रियापदच बोलण्यात नाही, "एश हुन देश गेअर", एवढंच, तू आवडतोस आणि माझं प्रेम आहे याला एकच वाक्य. ते बरं वाटतं मला.

सहावी पायरी: खाण्यातले शब्द, कारण ते विसरत नाहीत

बटाट्याला जर्मन शब्द लावू नका, इथे "ग्रोम्पर", मुळात जमिनीतलं नासपती या अर्थाचा शब्द. त्यांची किसून केलेली कुरकुरीत टिक्की "ग्रोम्परेकिशेल्शर", कांदा, पार्सली घालून तळलेली, सोबत सफरचंदाचा गोड लगदा, चटणीऐवजी. अंडं असतं त्यात, शाकाहारी असाल तर विचारून खा. ती खायची जागा म्हणजे "शुएबरफोउअर", ऑगस्टच्या शेवटी शहरात भरणारी जत्रा, 1340 पासूनची, पाळणे आणि धूर आणि गर्दी, तिथे रांगेत उभं राहून ग्रोम्परेकिशेल्शर हा शब्द न अडखळता म्हणता आला की पहिली लेव्हल पास समजा. "काखकेइस" म्हणजे शिजवलेलं पातळ चीज, ब्रेडवर मोहरी लावून त्यावर, वास उग्र, चव चांगली. "बोउनेश्लुप" फरसबीचं सूप, त्यात बहुतेक वेळा डुकराचं मांस असतं, विचारा.

सातवी पायरी: क्लास, रजा आणि परीक्षा

क्लास सरकारी भाषा संस्थेत होतात, शिवाय नगरपालिका पण स्वस्तात घेतात, जागा पटकन भरतात म्हणून नोंदणीची तारीख आधीच बघून ठेवा. नोकरी करत असाल तर भाषा-रजा नावाची सोय आहे, लक्झेंबर्गिश शिकायला एकूण 200 तासांची पगारी रजा, दोन टप्प्यांत, प्रत्येक टप्पा 80 ते 120 तासांचा, फक्त त्या कंपनीत किमान सहा महिने झालेले हवेत. अर्ध्या आपल्या लोकांना हे माहीतच नसतं. आधी एचआरशी बोला, मग अर्ज.

नागरिकत्व घ्यायचं असेल तर साधारण पाच वर्षं राहणं, देशाची माहिती देणारा एक कोर्स किंवा त्याची परीक्षा, आणि "श्प्रोखेनटेस्ट". या भाषा-परीक्षेत लिहायचं काहीच नसतं. बोलणं ए-टू लेव्हलचं, म्हणजे जुजबी, ऐकणं बी-वन लेव्हलचं, म्हणजे त्याच्या वरची पायरी. बोलण्यात एखाद्या विषयावर गप्पा आणि एका चित्राचं वर्णन. म्हणजे सरकारलासुद्धा तुमचा कान आणि तोंडच बघायचंय, तरी आपली हुशार मंडळी व्याकरणाचे तक्ते पाठ करून जातात आणि चित्रातल्या कुत्र्याला काय म्हणायचं ते आठवत नाही ("होंट"). 20 वर्षं राहिलेल्यांना परीक्षेऐवजी 24 तासांचा क्लास पुरतो. एक लक्षात ठेवा, लक्झेंबर्ग 2009 पासून दुहेरी नागरिकत्व देतो पण भारत देत नाही, भारतीय पासपोर्ट सोडावा लागतो आणि मग ओसीआय कार्ड (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीयांना मिळतं ते) काढायचं, तेव्हा घरच्यांशी बोलून ठरवा.

मुलं असतील तर तुमचं अर्धं काम ती करतील. सरकारी शाळेत चौथ्या वर्षापासून सक्तीने जातात, सुरुवातीची दोन वर्षं बोलणं लक्झेंबर्गिशमध्ये, मग लिहायला-वाचायला आतापर्यंत जर्मनमधून शिकवत आलेत, फ्रेंच मागून येते. माझा मुलगा चार महिन्यांत माझी चूक काढायला लागला, "आई, तिथे न नाही म्हणायचा", नियम विचारला तर म्हणे माहीत नाही, तसं बोलत नाहीत.

आठवी पायरी: लिहायचं का?

सुरुवातीला नका लिहू. खुद्द इथली माणसं पण लिहायला कचरतात कारण शाळेत त्यांना ही भाषा फारशी लिहायला शिकवलीच नव्हती, सगळं लिखाण जर्मन-फ्रेंचमध्ये. पहिलं छापील पुस्तक 1829 चं, कवितांचं, आणि कवी आँत्वान मेयर हा गणिताचा प्राध्यापक. शुद्धलेखनाचे नियम 1975 मध्ये ठरले, 1999 मध्ये सुधारले, परत 2019 मध्ये नव्याने आले, त्यामुळे आजोबा, आई आणि नातू तीन तऱ्हेने लिहितात. फोनवर ई दाबून धरला की दोन ठिपकेवाला मिळतो. ऑफिसात लॅपटॉपवर बहुतेक स्विस-फ्रेंच कीबोर्ड असतो, त्यात झेड आणि वायच्या जागा उलट्या, आठवडाभर शिव्या द्याल मग सवय होते.

परवा आमच्या जिन्यात कोणीतरी हाताने लिहून कागद चिकटवला होता, "हाउट केन व्हासर". मी वाचलं आणि लगेच लक्षात आलं की चूक आहे, व्हासरच्या आधी केनचा न पडायला हवा, "के व्हासर" पाहिजे, जर्मनच्या सवयीने लिहिलंय कोणीतरी. इतका आनंद झाला, पर्समधून पेन काढलं, तो न खोडावा का म्हणून दोन मिनिटं विचार करत उभी राहिले, खालच्या आजी आल्या, त्यांनाही दाखवला, त्या म्हणाल्या "यो यो" आणि हसल्या. मग वर येऊन चहाला नळ सोडला तेव्हा कळलं की कागदावर लिहिलं होतं आज पाणी नाही.